चोवीस पाठी आणि एक फडकं

माझ्या नणंदबाई गेली सव्वीस वर्षं प्राणीघरात काम करतात. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे वाघ-सिंह वगैरे?" वाघ नाहीत आणि सिंहही नाहीत. एका संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला एक बैठी इमारत आहे. तिच्यात लांबट खोल्या, आणि खोल्यांत लोखंडी मांडण्यांवर ओळीने पिंजरे. एका खोलीत पांढरे उंदीर, एका खोलीत ससे, एका खोलीत गिनीपिग. त्यांना खायला घालायचं, पाणी बदलायचं, पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा बदलायचा, खोली किती गरम आणि किती थंड ते भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचं. आजार का होतात नि कसे जातात हे शोधणारी शिकलेली माणसं पुढच्या मोठ्या इमारतीत वरच्या मजल्यांवर बसतात. वन्सं खाली त्या जनावरांना सांभाळतात.

माझे यजमान त्यांचे धाकटे भाऊ. ते अजूनही चिडवतात, "काय ताई, आज उंदरांची शाळा भरली का?"

"भरली की. तुझ्यापेक्षा हजेरी चांगली आहे त्यांची," वन्सं म्हणतात.

वन्संचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या आमच्यातच आहेत. स्वच्छतेचं त्यांना वेड आहे. हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण हे त्या वाचणार आहेत. कुणी ओटा पुसला की पाच मिनिटांनी त्या तो पुन्हा पुसतात. पहिल्या वर्षी तो मला टोमणा वाटायचा. मग कळलं की तसं काही नसतं. त्यांच्या हातात फडकं आलं की समोर जे असेल ते पुसलं जातं, मग तो ओटा असो, दाराची कडी असो, नाहीतर माझ्या लेकीचं तोंड.

गेल्या वर्षी गिनीपिगच्या खोलीत एका मुलीचं काम सुरू झालं. ती पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय होता अंगावर येणारी बुरशी. आपण ज्याला नायटा म्हणतो ना, तीच. वरच्या मजल्यावरची पोरं तिला बुरशीच म्हणायची, आणि तीही फोन उचलून खुशाल सांगायची, "हं, बुरशी बोलतेय." वन्संना ती आत्या म्हणे.

पहिल्याच दिवशी तिने वन्संना स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "आत्या, नायटा झाला आणि काहीच औषध लावलं नाही, तर काय होतं?"

"खाजतं."

"आणि मग?"

"पसरतो. मग कधीतरी जातो आपोआप."

"आपोआप म्हणजे कसा? कोण घालवतं त्याला?"

वन्सं म्हणाल्या, "देव." मुलगी हसली, पण थट्टेने नाही. म्हणाली, "देव कुठल्या हाताने घालवतो, तेवढंच मला शोधायचंय."

मग तिने समजावलं. आपली कातडी खालून सतत नवी होत असते, आणि वरची जुनी, मेलेली कातडी कोंडा होऊन गळत असते. बुरशीचं बस्तान त्या वरच्या मेलेल्या थरात. मुलीचं म्हणणं असं की बुरशी लागली की कातडी नेहमीपेक्षा भराभर वाढायला लागते आणि बुरशीसकट वरचा थर बाहेर लोटून देते. हट्टी पाहुणा उठत नसेल तर तो बसलाय ती सतरंजीच ओढून न्यावी, तसं.

हे दाखवायला तिने चोवीस गिनीपिग घेतले होते. प्रत्येकाच्या पाठीवर बाटलीच्या झाकणाएवढी जागा भादरायची आणि तिथे बुरशी लावायची. बारा जणांना रोज एक मलम, ज्याने कातडीचा वाढायचा वेग मंदावतो. बाकीच्या बारांना दिसायला अगदी तसंच, पण औषध नसलेलं कोरं मलम. कुठलं कुणाला हे मलम लावणाऱ्या वन्संना माहीत नव्हतं आणि मुलीलाही नव्हतं. ती यादी तिच्या सरांच्या कपाटात बंद. कातडी खरंच बुरशीला हाकलत असेल, तर कोऱ्या मलमाची जनावरं आधी बरी व्हायला हवीत आणि दुसरी मागे राहायला हवीत. दर चौथ्या दिवशी प्रत्येकाला तासभर काळ्या कागदावर ठेवून त्याचा पडलेला कोंडा गोळा करायचा. पाठीवरचं थोडं खरवडून काचेच्या प्लेटमध्ये लावायचं. बुरशी शिल्लक असेल तर पाच-सहा दिवसांत प्लेटमध्ये पांढरा कापूस उगवल्यासारखा दिसतो.

आणि पस्तिसाव्या दिवशी जनावरांना इंजेक्शन देऊन मारायचं आणि कातडीचे पातळ काप काढून बघायचे.

हे शेवटचं मी गाळणार होते. वन्सं म्हणाल्या, "गाळू नकोस. मी कामाला लागले त्या दिवशी मला हे स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं." त्या दिवशी त्या कधी रजा घेत नाहीत. प्रत्येक जनावर त्या स्वतः धरतात, कारण ओळखीच्या हातात ते थरथरत नाही. त्यांना त्या नावं ठेवत नाहीत, नंबरनेच बोलावतात. त्या सकाळी मात्र देवापुढे हात जोडून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या असतात. काय बोलतात ते कधी कुणाला सांगितलेलं नाही.

तर पहिला प्रयोग सुरू झाला. मलम चिकट होतं. दुपारपर्यंत भुश्याचे कण त्या भादरलेल्या जागेवर चिकटून बसायचे, त्यात कोंडा, त्यात गळलेले केस. वन्संना ते बघवेना. मुलगी सकाळी येऊन तपासून जाई, मग दिवसभर वर. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वन्सं घमेल्यात पाणी घेत, एक जुनं मऊ सुती फडकं भिजवत, पिळत, आणि एकेकाला मांडीवर घेऊन त्याची पाठ हलक्या हाताने पुसून काढत. चोवीसच्या चोवीस. कुणाला डावं-उजवं केलं नाही. मुलीने लिहून दिलेल्या कामांच्या यादीत पुसायचं असं नव्हतं, आणि पुसायचं नाही असंही नव्हतं. यापूर्वी खोलीत झालेले सगळे प्रयोग खाण्यापिण्याचे होते. तेव्हाही त्या पुसायच्याच, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी चारचौघांत शाबासकी दिली होती. पाठी पुसल्याचं वहीत लिहावं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मुलाचं तोंड पुसलं, हे कुणी लिहून ठेवतं का?

सोळाव्या दिवशी सगळ्या पाठी स्वच्छ झाल्या. सगळ्याच. प्लेट कोऱ्या. काळ्या कागदांवर चिमूटभरही कोंडा नाही. पस्तिसाव्या दिवशी वन्संनी चोवीस जनावरं धरली, सरांनी कपाटातली यादी काढली, आणि दोन्ही गटांत तसूभर फरक निघाला नाही.

सर म्हणाले, "फरक नाही, असं लिही. तेही उत्तरच असतं."

मुलगी खाली येऊन खाद्याच्या पोत्यांवर बसली. तिच्याकडे जेमतेम साडेतीन महिने उरले होते. तेवढ्यात प्रबंध द्यायचा, नाहीतर चार वर्षं पाण्यात. पण ती रडत होती ते त्यासाठी नव्हतं, असं वन्सं सांगतात. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "आत्या, कोंडा पडलाच नाही हो. मग बुरशी गेली कुठे? वितळली? मला फरक नाही लिहायला हरकत नाही, पण ती गेली कुठे ते तरी कळू दे."

वन्संनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "शोधशील." याहून जास्त त्यांना तेव्हा काही माहीत नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होतो. चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. त्यांची बाही वर सरकली आणि मनगटाच्या थोडं वर मला एक गोल चट्टा दिसला. कडेला लालसर, फुगीर, मध्ये फिकट, वर बारीक पापुद्रे.

मी म्हटलं, "वन्सं, हा नायटा आहे."

"छे गं. साबणाने झालंय."

"साबणाने इतकं गोल होतं का? कंपासने काढल्यासारखं आहे."

"पण मी हातमोजे घालते की. काढत नाही कधी."

"हातमोजे मनगटापर्यंत. हा त्याच्या वर आहे."

त्यांनी चादर सोडली नाही, पण घडी घालायचं थांबल्या. मग टोकं काखेत धरून उजव्या हाताने हवेतच काहीतरी पिळल्यासारखं केलं, आणि पाणी कोपराकडे कुठून ओघळतं ते डाव्या बोटाने स्वतःच्या हातावर दाखवलं. ते बोट बरोबर त्या चट्ट्यावर येऊन थांबलं.

"फडक्यात होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बुरशी. ती पोर विचारतेय ना कुठे गेली, ती फडक्यात गेली. कातडीने टाकायच्या आधीच मी रोज पुसून नेत होते. कोंडा, बुरशी, मलम, सगळं." चादर त्यांनी माझ्या हातात दिली आणि खाली बसल्या. "चोवीस जीव गं. फुकट."

यजमान आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, हे बघ. सर म्हणालेत ना फरक नाही लिहा? विषय संपला. तुझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?"

"ती पोर खोटं लिहील, आणि तिला ठाऊकही नसेल."

"तिला ठाऊक नसेल तर ते खोटं कसं?"

"मला ठाऊक आहे ना," वन्सं म्हणाल्या. "आणि दोन वर्षं राहिलीत म्हणूनच. रोज सकाळी त्याच पिंजऱ्यांसमोर जाऊन उभं राहायचंय मला."

यजमान आणखी काही बोलणार होते, पण वन्सं उठून मलमाची नळी शोधायला गेल्या होत्या. स्वतःच्या हाताला लावायला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिनीपिगच्या खोलीतलं खुंटीवरचं फडकं तसंच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड बांधलं आणि वरच्या मजल्यावर नेऊन मुलीच्या टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं.

"रोज?" मुलीने विचारलं.

"रोज."

"चोवीसच्या चोवीस?"

"डावं-उजवं केलं नाही."

मुलीने पिशवी उघडली. फडक्याचा एक तुकडा कापून तिने प्लेटमध्ये लावला, दार उघडून धरलं आणि वन्सं बाहेर पडेपर्यंत तशीच उभी राहिली. पुढचे सहा दिवस ती खाली फिरकली नाही. वन्सं घरी नेहमीसारख्याच वागत होत्या, फक्त जेवताना दोन घास कमी जात होते. सातव्या दिवशी मुलगी प्लेट घेऊन आली. फडक्याचा तुकडा दिसतच नव्हता, इतका पांढरा कापूस त्यावर माजला होता.

"सॉरी आत्या," ती म्हणाली. "मला फार राग आला होता तुमचा. मग मी दिलेली कामांची यादी काढून वाचली. त्यात मी मलम किती बोटं लावायचं तेही लिहिलंय, पण पाठीला हात लावू नका हे लिहिलेलंच नाही. फडक्याने नेमकं किती नेलं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण हे सगळं पुन्हा करायला हवं, एवढं नक्की. कराल माझ्याबरोबर?"

"मला ठेवलं तर."

पुन्हा करायचं म्हणजे आणखी जनावरं हवीत, आणि ती कुणाच्या मर्जीने मिळत नाहीत. त्यासाठी एक समिती असते. तिच्यात दोन शास्त्रज्ञ, प्राणीघराचे डॉक्टर, आणि बाहेरच्या एक, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. सरांनी अर्ज लिहिला होता : काही तांत्रिक कारणामुळे प्रयोग पुन्हा करणे आवश्यक आहे.

वन्संनी तो वाचला. "तांत्रिक कारण म्हणजे मीच ना?"

"अहो बाई, तुमच्या अंगावर येऊ नये म्हणून तसं लिहिलंय," सर म्हणाले.

"मग खोडा. मी येते तिथे."

समितीपुढे काय झालं ते मला मुलीने सांगितलं, कारण वन्सं फक्त "बोलले" एवढंच म्हणाल्या. लांब टेबल, पलीकडे चौघं, अलीकडे सर, मुलगी आणि अगदी टोकाच्या खुर्चीवर वन्सं, पर्स मांडीवर धरून. त्यांनी उभं राहून सगळं क्रमाने सांगितलं. फडकं कुठलं, पाणी कसं, किती वाजता. हात पुढे करून चट्टाही दाखवला.

मग शाळेच्या बाईंनी विचारलं, "चोवीस जीव गेले. आता आणखी चोवीस मागता. मी हो का म्हणावं?"

"म्हणावंच असं मी कसं म्हणू? माझ्या हातून वाया गेलेत, तर मी कुठल्या तोंडाने मागू?" वन्सं म्हणाल्या. "पण दिलेत तर या वेळी त्यांच्या पाठीला माझा हात लागणार नाही. आणि नाही दिलेत, तर आधीचे चोवीस कशाने वाया गेले ते खरं लिहून ठेवा. तांत्रिक कारण नको."

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, जमेल तुम्हाला? आत्ता बोलता बोलता तुम्ही पदराने टेबलाची कड पुसलीत."

सगळे हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी पदर सोडला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. "जमवीन," म्हणाल्या.

डॉक्टरांचं मत होतं की वन्संना सशांच्या खोलीत हलवावं. तेव्हा मुलगी बोलली. "नको सर. कुठल्या नंबरने आज पाणी कमी प्यायलं, हे यांच्याशिवाय कुणी सांगत नाही. मला आत्याच हव्यात."

चोवीस मिळाली नाहीत. सोळा मिळाली. तिसऱ्यांदा मागायचं नाही, अशी अट. वन्संच्या नावाने लेखी समज, ती त्यांच्या फाइलला लागली. सव्वीस वर्षांतली पहिली. घरी येऊन त्यांनी ती मला वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे."

दुसऱ्या प्रयोगाच्या पहिल्या सकाळी वन्संनी गिनीपिगच्या खोलीतून घमेलं, फडकी, ब्रश, सगळं बाहेर काढलं आणि ती खुंटीही उपटून टाकली. भुसा चिकटतो म्हणून त्याच्या जागी कागदाच्या जाड पट्ट्या घालाव्यात, ही त्यांचीच कल्पना. डॉक्टरांनी मान्य केली. पट्ट्या चिकटत नव्हत्या, तरी पाठी काही साजऱ्या राहणार नव्हत्या. पाचव्या दिवशी लाली आली. आठव्या दिवशी पापुद्रे धरले. दहाव्या दिवशी सोळा पाठी अशा दिसत होत्या की पाहणाऱ्याला वाटावं, या जनावरांना कुणी वालीच नाही. अकरा नंबर मागच्या पायाने पाठ खाजवायचा आणि वन्संकडे बघून चिरकायचा. त्याला कोबीचं पान देऊन त्या हात मागे बांधून उभ्या राहायच्या.

ती सगळी खुमखुमी घरी निघायची. त्या पाच आठवड्यांत आमच्या फरशीत तोंड दिसू लागलं. लेक म्हणायची, "आत्या, माझं तोंड राहू दे, फारच पुसलंय." यजमान पेपर वाचत बसले की वन्सं त्यांच्या पायाखालून पुसून जायच्या. ते पाय वर उचलायचे आणि काही बोलायचे नाहीत. तेही शहाणे झाले होते.

तेराव्या दिवशी संस्थेत पाहुणे यायचे होते. सकाळी प्राणीघराचे व्यवस्थापक खोल्या बघत आले. हे गृहस्थ नवे होते, इमारत चकचकीत दिसायला हवी या हट्टासाठी ओळखले जायचे. गिनीपिगच्या खोलीत त्यांनी एका पिंजऱ्यात डोकावलं आणि दचकलेच.

"बाई! ही काय दशा? तुमच्या खोलीची मी बाहेर तारीफ करतो. दोन तासांत पाहुणे येतायत. पुसून घ्या सगळ्यांना."

"पुसायचं नाही साहेब."

"मग मागच्या खोलीत हलवा."

"हलवायची पण नाहीत. खोली बदलली की उष्णता बदलते."

"अहो, नुसता ओला कापूस फिरवा वरून. कोण बघतंय?"

"ओल्या फडक्यानेच तर झालंय ना मागच्या वेळी," वन्सं म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. त्या उंचीने बेताच्याच आहेत. दार मात्र पूर्ण अडलं.

"मी लिहीन हं. खोली अस्वच्छ, असा शेरा मारीन."

"मारा. मी सही करते."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगा की इथल्या बाई घाणेरड्या आहेत."

त्यांनी खरंच शेरा लिहिला. वन्संनी वाचला, तारीख राहिली होती ती घालायला लावली, आणि सही केली. पाहुणे आले तेव्हा त्यांतल्या दोघींनी नाकाला रुमाल लावला. वन्सं मांडणीशेजारी हात मागे बांधून उभ्या होत्या. संध्याकाळी घरी आल्यावर चहा घेताना मला म्हणाल्या, "आज माझी परीक्षा घेतली देवाने. आणि मेल्याने विषयही तोच काढला." मग कप विसळून ठेवला, आणि माझाही.

सोळाव्या दिवसापासून फरक दिसू लागला. काही काळ्या कागदांवर कोंडा असा पडायचा की जणू कुणी पीठ चाळलंय. काही कागद तसेच काळे. विसाव्या दिवशी काही पाठींवर खालून गुलाबी, नितळ कातडी आली, नवे केस फुटू लागले. दुसऱ्या काही पाठी तशाच लाल, पापुद्रे घट्ट धरून बसलेल्या. चोविसाव्या दिवशी लावलेल्या प्लेट मुलीने तिसाव्या दिवशी खालीच आणल्या आणि स्टुलावर ओळीने मांडल्या. सात कोऱ्या. आठांत पांढरा कापूस. अकरा नंबरची प्लेट अधलीमधली, कडेला थोडासा डाग.

सर यादी घेऊन आले आणि एकेक नंबर वाचत गेले. कोऱ्या सातही कोऱ्या मलमाच्या. कापूसवाल्या आठही औषधाच्या. अकरा नंबर कोऱ्या मलमाचा निघाला, जरा मागे पडलेला, एवढंच.

मुलगी किंचाळली.

"ओरडू नकोस गं," वन्सं म्हणाल्या, "घाबरतात ती."

पाच दिवसांनी वन्सं देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या आणि कामावर गेल्या. सोळाही जनावरं त्यांनीच धरली. अकरा नंबर शेवटी. इतके दिवस राखून ठेवलेला हात तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवरून एकदा फिरवला. मुलीने होकार दिल्यावरच.

कातडीचे काप तयार झाल्यावर मुलीने त्यांना वर बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. चष्मा काढा, डोळा जवळ न्या, हे चाक फिरवा. वन्संना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसलं. खाली जाड, दाट, नव्या पेशींचा थर, वर पापुद्र्यांची चळत, आणि सगळ्यात वर, सुटत चाललेल्या पापुद्र्यात, रंगवलेले बुरशीचे धागे. बाहेर निघालेले. वन्सं बराच वेळ डोळा लावून बसल्या.

"पहिल्या चोवीसातला एखादा दाखव," त्या म्हणाल्या.

मुलीने दाखवला. वर काहीच नव्हतं. गुळगुळीत.

"ही माझी करणी."

मुलगी तेव्हा प्रबंध लिहीतच होती. म्हणाली, "आत्या, सर म्हणतात पहिल्या प्रयोगाचं एका ओळीत संपव. मला ते पूर्ण लिहायचंय. पण त्यात तुम्ही येणार. चालेल?"

"लिही. नीट लिही. मी सांगते तसं." वन्संनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "पुढे कुठल्यातरी खोलीत माझ्यासारखीच कुणीतरी असेल, तिला बघवणार नाही. तिला कळायला हवं. हं, घे. जुनं सुती फडकं. रोज, संध्याकाळी पाचला. जनावर मांडीवर घेऊन, पाठीवरून केसांच्या दिशेने, एकेकाला साधारण चार वेळा."

मुलगी टाइप करत होती. "पाणी कोमट," तिने म्हटलं.

"कोमट नाही. त्याहून जरा गरम. खोडून टाक ते, आणि बरोबर लिही."